सरळ रस्ता, आडवी वाट

रस्ते बांधण्याच्या कामात माझी चौतीस वर्षं गेली. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, पण खोड काही जात नाही. प्रवासात मंडळी खिडकीतून डोंगर बघतात, मी साइडपट्टी बघतो. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं कॅनडात विनिपेगला मुलीकडे गेलो होतो. तिथून कॅलगरीला भाच्याकडे कसं जायचं, असा प्रश्न निघाला. विमानाने दोन-सव्वादोन तास. गाडीने सुमारे सव्वातेराशे किलोमीटर आणि दोन दिवस. मी विमानाचं नाव काढू दिलं नाही.

"बाबा, वाटेत बघायला काही नाही हं. नुसती शेतं आहेत," मुलगी म्हणाली.

"रस्ता आहे ना? मग झालं," मी म्हटलं.

तो रस्ता म्हणजे ट्रान्स-कॅनडा महामार्ग. पश्चिमेला पॅसिफिकमधल्या बेटावरचं व्हिक्टोरिया आणि पूर्वेला अटलांटिकमधल्या बेटावरचं सेंट जॉन्स, अशी त्याची दोन टोकं. मधलं अंतर साडेसात हजार किलोमीटरच्या आसपास. दोन्ही टोकांना समुद्र ओलांडायला बोट लागते. या लांबलचक रस्त्याचा मधला भाग मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टा या तीन प्रांतांतून जातो. हा सगळा प्रेअरीचा, म्हणजे गवताळ मैदानांचा मुलूख. आता तिथे गवत कमी आणि गहू, कॅनोला, मसूर जास्त. तिन्ही प्रांतांत या रस्त्याचा क्रमांक एकच आहे, तो म्हणजे 'एक'.

विनिपेग सोडलं की पोर्टाज ला प्रेरी, ब्रँडन, व्हर्डन ही मॅनिटोबातली गावं लागतात. मग सस्कॅचेवानात मूसोमिन, इंडियन हेड, राजधानी रेजायना, मूस जॉ, स्विफ्ट करंट. पुढे अल्बर्टात मेडिसिन हॅट, ब्रुक्स, स्ट्रॅथमोर आणि शेवटी कॅलगरी. घाट नाही, खिंड नाही. रस्ता इतका सरळ की सुकाणू धरलेला हात आखडून जावा. बहुतेक ठिकाणी वेगमर्यादा ताशी ११० किलोमीटर.

पोर्टाज ला प्रेरी आणि ब्रँडन यांच्या मध्ये एका फाट्यापाशी मुलीने गाडीचा वेग कमी केला आणि ती गप्प झाली. तो कारबेरी गावाजवळचा फाटा होता. उत्तर-दक्षिण जाणारा पाच नंबरचा रस्ता तिथे एक नंबरच्या महामार्गाला ओलांडतो. १५ जून २०२३ रोजी भर दिवसा तिथे एक छोटी बस महामार्ग ओलांडत होती. बसमध्ये पंचवीस माणसं होती, बहुतेक सगळी उत्तरेकडच्या डॉफिन गावची आणि आसपासची वयस्कर मंडळी. एक दिवसाच्या सहलीला निघालेली. बसने महामार्गाची पहिली बाजू पार केली, दुभाजकही मागे टाकला आणि दुसऱ्या बाजूवर ती आली, तेवढ्यात पूर्वेकडे जाणाऱ्या मालवाहू ट्रकची धडक बसली. सतरा जणांचा जीव गेला. पुढे जाण्याचा हक्क ट्रकचा होता, असं पोलिसांनी नंतर सांगितलं.

फाटा मागे पडल्यावर मुलीने विचारलं, "बाबा, इथे सगळं ताटासारखं सपाट आहे. मैलभरावरची गाडी दिसते. मग अशा जागी टक्कर होतेच कशी?"

मी इंजिनीअर, पण मला चटकन उत्तर देता आलं नाही. पुढचे दोन दिवस आणि परत आल्यावरचे कित्येक महिने मी या एका प्रश्नाच्या मागे होतो. उत्तर सापडलं ते रस्त्याच्या इतिहासात. तोच आज आपल्याला सांगणार आहे.

साखळीने आखलेला देश

या मैदानांवर पहिल्या वाटा पाडल्या त्या गव्यांनी आणि त्यांच्या मागे जाणाऱ्या मूळच्या लोकांनी. नंतर आले मेटी, म्हणजे मूळचे लोक आणि युरोपीय व्यापारी यांच्या मिश्र वंशातले लोक. त्यांच्या दोनचाकी गाड्या संपूर्ण लाकडाच्या असत. आसाला वंगण लावत नसत, कारण वंगणाला धूळ चिकटून चाक लवकर झिजे. त्यामुळे या गाड्यांची करकर फार लांबवर ऐकू जाई. त्यांच्या वाटा आपल्या गाडीवाटांसारख्याच होत्या. पाणथळ टाळत, उतार बघत, तिरप्या जाणाऱ्या.

मग सरकारची मोजणी आली. ११ ऑक्टोबर १८६९ रोजी विनिपेगजवळच्या रेड रिव्हर वसाहतीत मोजणीदार आले, तेव्हा लुई रिएल आणि त्याच्या सोबत्यांनी त्यांची साखळी अडवली. मेटींच्या जमिनी नदीला लागून मागे लांबच लांब गेलेल्या पट्ट्यांच्या होत्या. प्रत्येकाला नदीचं पाणी मिळावं अशी ती रचना. मोजणीदारांना मात्र चौरस हवे होते. मोजणी त्या दिवशी थांबली, पण कायमची नाही. १८७१ पासून विनिपेगच्या पश्चिमेकडची सगळी मैदानं चौरसांत कापली जाऊ लागली.

हा चौरस समजून घेतला की पुढचं सगळं सोपं होतं. एक मैल लांब, एक मैल रुंद असा एक तुकडा, म्हणजे ६४० एकर. असे छत्तीस तुकडे मिळून एक मोठा चौरस. १८७२ च्या कायद्याने तुकड्याचा चौथा हिस्सा, १६० एकर, दहा डॉलर शुल्क भरून वसाहतकऱ्याला मिळू लागला. अट एवढीच, की तिथे राहायचं आणि जमीन कसायची.

या तुकड्यांच्या मध्ये रस्त्यासाठी पट्टी मोकळी सोडलेली असे. आधी मोजलेल्या मॅनिटोबाच्या भागात ती दीड साखळी म्हणजे ९९ फूट रुंद होती, पुढे पश्चिमेकडे एक साखळी म्हणजे ६६ फूट. ही साखळी आपल्या ओळखीची आहे. ६६ फूट म्हणजे बावीस यार्ड, क्रिकेटच्या खेळपट्टीची लांबी. आपल्या गुंठ्याची बाजू ३३ फूट, बरोबर अर्धी साखळी. इंग्रजांचं माप जिथे जिथे गेलं तिथे तिथे ते जमिनीत असं रुतून बसलं आहे.

नकाशावर पूर्वेकडून पश्चिमेकडे जायला लागलात, की दर मैलाला उत्तर-दक्षिण जाणारी एक पट्टी आडवी येते. सगळ्या पट्ट्यांवर रस्ते झाले नाहीत. कुठे तळं आलं, कुठे दरी आली, कुठे वस्तीच झाली नाही. पण हक्काची वाट म्हणून ती पट्टी कागदावर राहिली. पृथ्वी गोल असल्याने उत्तरेकडे जाणाऱ्या रेषा एकमेकींजवळ सरकतात, म्हणून दर चोवीस मैलांवर मोजणी दुरुस्त करून घ्यावी लागली. तिथे सरळ रस्ता अचानक बाजूला सरकतो. सरळ रस्त्याची सवय झालेल्या चालकाला ते वळण अजूनही चकवतं.

या पट्ट्यांची आणखी एक कहाणी आहे. १८८५ चा उठाव मोडला गेल्यावर रिएलला फाशी झाली आणि बरीच मेटी कुटुंबं जमिनीला मुकली. राहायचं कुठे? तेव्हा ती या रस्त्यासाठी सोडलेल्या पट्ट्यांवर झोपड्या बांधून राहिली. लोक त्यांना रस्तापट्टीचे लोक म्हणू लागले. ज्यांनी साखळी अडवली, त्यांच्या नातवंडांच्या वाट्याला साखळीएवढ्या रुंदीची जमीन आली, तीही दुसऱ्याच्या मालकीची.

आधी रेल्वे, मग रस्ता

एक नंबरचा महामार्ग आज ज्या गावांतून जातो, ती गावं रस्त्याने वसवलेली नाहीत. ती रेल्वेने वसवली. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेची पहिली पाहणी बरीच उत्तरेकडून, यलोहेड खिंडीच्या दिशेने झाली होती. १८८१ मध्ये कंपनीने बेत बदलला आणि दक्षिणेकडून, कोरड्या मैदानांतून लोहमार्ग टाकला. १८८५ मध्ये तो पूर्ण झाला. दर आठ-दहा मैलांवर एक स्थानक. घोडागाडीने धान्य आणणारा शेतकरी दिवसभरात जाऊन परत येऊ शकेल, असा त्यामागचा हिशेब. प्रत्येक स्थानकापाशी धान्याचं उंच लाकडी कोठार उभं राहिलं. रेजायना शहर असंच १८८२ मध्ये लोहमार्गाच्या कडेला वसलं आणि लगेच त्या मुलखाची राजधानीही झालं.

मोटार आली तेव्हा तिला स्वतःचा रस्ता नव्हता. १९१२ मध्ये थॉमस विल्बी नावाचा इंग्रज पत्रकार जॅक हेनी या चालकाला घेऊन हॅलिफॅक्सहून व्हिक्टोरियाला निघाला. बावन्न दिवस लागले, आणि मधले काही टप्पे गाडीला रेल्वेवर आणि बोटीवर चढवूनच पार करावे लागले. त्याच वर्षी व्हिक्टोरियाच्या ए. ई. टॉड यांनी सोन्याचं पदक जाहीर केलं. जो कोणी कॅनडाच्या भूमीवरूनच, संपूर्ण मोटारीने देश पार करेल, त्याला ते मिळणार होतं. ते पदक १९४६ मध्ये ब्रिगेडियर मॅकफार्लेन यांना मिळालं. त्यांना प्रवासाला नऊ दिवस लागले. पदक मात्र चौतीस वर्षं पडून होतं, म्हणजे माझी सगळी नोकरी होऊन जाईल इतका काळ.

या काळात मैदानातला रस्ता कसा होता? मोजणीच्या पट्ट्यांवरून जाणारा. लोहमार्ग तिरपा गेला असेल, तर रस्ता जिन्यासारखा. दोन मैल पश्चिमेला, मग काटकोनात वळून एक मैल उत्तरेला, पुन्हा पश्चिमेला. आणि खाली माती. विनिपेगभोवतीची जमीन हिमयुगानंतरच्या अगासिझ नावाच्या अवाढव्य सरोवराचा तळ आहे. रेजायनाची मातीही अशाच एका जुन्या सरोवराच्या तळाची. ही चिकण माती पाण्याने फुगते आणि वाळली की भेगाळते. आपल्या काळ्या मातीशी ज्याने झुंज घेतली आहे, त्याला ती पाहताक्षणी ओळखू येते. पावसात गाडीचं चाक तिच्यात रुतलं की निघत नसे.

काळ्या मातीवर भर घालून तिथे थंडी आहे. जमिनीतलं पाणी गोठतं, बर्फाचे थर रस्त्याला खालून उचलतात. वसंतात ते वितळतं आणि रस्त्याचा पाया लापशीसारखा होतो. म्हणून तिकडे वसंतात अनेक दुय्यम रस्त्यांवर जड वाहनांवर निर्बंध येतात. गोठलेल्या हिवाळ्यात मात्र काही रस्त्यांवर उलट जास्त वजनाला परवानगी असते, कारण तेव्हा जमीन दगडासारखी घट्ट असते. रस्ता आजूबाजूच्या शेतांहून उंच भरावावर का असतो, हेही मला तिथे उमगलं. वाऱ्याने बर्फ उडून खालच्या खड्ड्यात जावा आणि रस्ता मोकळा राहावा, म्हणून.

मंदीच्या काळात, १९३२ ते १९३६ या वर्षांत, बेकार तरुणांसाठी सरकारने श्रमछावण्या काढल्या. दिवसाला वीस सेंट भत्ता. रस्त्यांची कितीतरी कामं या तरुणांनी केली. शेवटी १९३५ मध्ये ते वैतागून मालगाड्यांच्या टपांवर बसून राजधानी ओटावाकडे निघाले. त्यांना रेजायनात अडवण्यात आलं आणि १ जुलैला तिथे दंगल उसळली. रस्ता बांधणारे हात रस्त्याने नव्हे, रेल्वेने निघाले होते. रस्ता अजून तेवढा झालाच नव्हता.

तो झाला १९४९ च्या ट्रान्स-कॅनडा महामार्ग कायद्यामुळे. केंद्र सरकारने निम्मा खर्च द्यायचा, मार्ग प्रांतांनी ठरवायचा, पण शक्यतो कमीत कमी अंतराचा. रुंदी, चढ, भार सोसण्याची ताकद यांचे मापदंड सगळ्या देशाला एकच. मूळ अंदाज तीस कोटी डॉलरचा होता. काम संपेपर्यंत खर्च शंभर कोटींच्या पलीकडे गेला. जिन्यासारखी वळणं काढून टाकून रस्ता लोहमार्गाच्या कडेने सरळ नेण्यात आला. गावाच्या मुख्य रस्त्यातून जाणारी वाहतूक गावाबाहेर गेली. आपला वाटा पुरा करण्यात पहिला नंबर लागला तो सस्कॅचेवानचा. लोकसंख्या विरळ आणि तिजोरी बेताची असूनही १९५७ मध्ये त्यांचा साडेसहाशे किलोमीटरचा भाग तयार होता. डोंगरातल्या रॉजर्स खिंडीचं काम १९६२ मध्ये संपलं, तेव्हा कुठे पंतप्रधान डिफेनबेकर यांनी साऱ्या महामार्गाचं उद्घाटन केलं.

एकाचे दोन झाले

पहिल्या दिवशी आम्ही रेजायनाला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी मूस जॉच्या पुढे चॅप्लिन नावाचं गाव लागलं. रस्त्याच्या कडेला पांढरंशुभ्र पठार पसरलेलं. आमच्या सौभाग्यवतींना वाटलं, बर्फ पडलाय. ते होतं खाऱ्या तळ्यातलं सोडियम सल्फेट. पण माझं लक्ष दुसरीकडे होतं. आमच्या बाजूला दोन मार्गिका, मध्ये गवताचा रुंद दुभाजक आणि पलीकडे समोरून येणाऱ्यांच्या दोन मार्गिका. दोन वेगळे रस्ते शेजारी शेजारी झोपल्यासारखे.

१९५७ चा रस्ता दुपदरी होता. समोरासमोरच्या धडका व्हायच्या, पुढची गाडी ओलांडताना जीव जायचे. वाहतूक वाढली तसा जुन्या रस्त्याशेजारी दुसरा रस्ता टाकत जायचं धोरण आलं. नैर्ऋत्य सस्कॅचेवानात, गल लेक ते अल्बर्टाची सीमा या टप्प्यासाठी लोकांनी नव्वदच्या दशकात बराच आवाज उठवला. अखेर २००८ मध्ये सस्कॅचेवानातला सगळा एक नंबरचा रस्ता चौपदरी झाला. समोरासमोरच्या धडकेवर हा रामबाण उपाय, याबद्दल वाद नाही.

पण याच काळात आणखी एक गोष्ट घडली. १९३० च्या दशकात या तीन प्रांतांत धान्याची साडेपाच हजारांहून जास्त कोठारं होती. धान्य रेल्वेने नेण्याचं भाडं जुन्या करारामुळे आणि नंतर सरकारी अनुदानामुळे कमी राहिलं होतं. १९९५ मध्ये ते अनुदान बंद झालं. लहान फाट्यांचे लोहमार्ग झपाट्याने उखडले गेले, गावोगावची लाकडी कोठारं पडली आणि त्यांच्या जागी मोजकी, काँक्रीटची, अजस्र कोठारं मुख्य लोहमार्गावर उभी राहिली. पूर्वी आठ मैलांवर जाणारं धान्य आता कितीतरी लांब जाऊ लागलं, तेही घोडागाडीने नव्हे, भल्यामोठ्या ट्रकने. आणि मुख्य लोहमार्ग कुठे आहे? एक नंबरच्या महामार्गाला लागून. म्हणजे महामार्ग ओलांडणारी वाहनं लांब आणि जड झाली, तर महामार्गावरून धावणारी वाहनं वेगवान झाली. मोजणीची आडवी पट्टी मात्र होती तिथेच राहिली.

डोळ्याची फसगत

आता मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. सगळं दिसत असताना टक्कर कशी होते?

कागदावर एक काटकोन काढा. एका रेघेवरून तुम्ही येताय, दुसरीवरून ट्रक येतोय. दोघांचा वेग कायम आहे आणि दोघंही फाट्यावर एकाच क्षणी पोचणार आहेत. अशा वेळी तुमच्या डोळ्यांना तो ट्रक कायम एकाच कोनात दिसत राहतो. काचेवर जणू एक ठिपका, न हलणारा. आपला डोळा हलणाऱ्या वस्तूकडे ओढला जातो. जी हलत नाही ती तो पार्श्वभूमीत टाकून देतो. त्यात तो ठिपका गाडीच्या काचेशेजारच्या खांबामागे लपला, तर शेवटपर्यंत दिसतच नाही. झाडी, वळणं, चढउतार असले की ठिपका दिसतो, लपतो, सरकतो आणि लक्ष वेधून घेतो. मोकळ्या, सपाट, सरळ मैदानात ही फसगत सगळ्यात पूर्ण होते. प्रत्येक अपघाताचं कारण हेच असतं असं मी म्हणत नाही. कारबेरीच्या अपघाताचं तर नाहीच म्हणत. पण सपाटी म्हणजे सुरक्षितता, हा आपला समज मात्र चुकीचा आहे.

दुसरी अडचण अंदाजाची. ताशी ११० म्हणजे सेकंदाला तीस मीटर. लांबवरचा ट्रक समोरून पाहताना तो किती वेगाने येतोय हे डोळ्याला कळत नाही, तो फक्त हळूहळू मोठा होत जातो. भरलेल्या बसला थांब्यावरून निघून दोन मार्गिका ओलांडायला सहा-सात सेकंद लागले, तर तेवढ्यात ट्रक दोनशे मीटर पुढे आलेला असतो.

तिसरी अडचण दुभाजकाची. चौपदरी रस्ता ओलांडणं म्हणजे दोन रस्ते ओलांडणं. आधी एका दिशेला बघायचं, मध्ये येऊन दुसऱ्या दिशेला बघायचं. मोटार मध्ये थांबू शकते. लांब ट्रक किंवा बस मध्ये मावतेच असं नाही. ती मावली नाही, तर चालकाला एका दमात चार मार्गिकांचा हिशेब करावा लागतो.

आडव्या वाटांचा हा प्रश्न एक नंबरच्या रस्त्यापुरता नाही. ६ एप्रिल २०१८ ला सस्कॅचेवानातच, ३५ आणि ३३५ नंबरच्या रस्त्यांच्या फाट्यावर, हम्बोल्टच्या तरुण हॉकी संघाची बस आणि एक ट्रक यांची टक्कर होऊन सोळा जण गेले. तिथे ट्रक थांबायला हवा होता, तो थांबला नाही. त्यानंतर त्या प्रांतांनी ट्रकचालकांना सक्तीचं प्रशिक्षण सुरू केलं.

मग उपाय काय? सगळ्यात चांगला उपाय उड्डाणपूल. रेजायनाच्या पूर्वेला बाल्गोनी, व्हाइट सिटी, पायलट ब्यूट ही गावं महामार्गाला लागून आहेत. तिथल्या फाट्यांवर माणसं मेली, तेव्हा लोकांनी साधाच प्रश्न लावून धरला, की इथे उड्डाणपूल का नाही? २०१७ मध्ये तिथले उड्डाणपूल खुले झाले आणि २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये रेजायनाचा सगळा वळणरस्ता पूर्ण झाला. बारा उड्डाणपूल, आणि खर्च १८८ कोटी डॉलर. आम्ही त्यावरूनच गेलो. ना सिग्नल, ना आडवी वाट.

पण दर मैलाला आडव्या येणाऱ्या वाटांवर असे पूल बांधणं कोणालाच परवडणारं नाही. म्हणून मधले उपाय काढले जातात. दुभाजक इतका रुंद करायचा, की लांब वाहन मध्ये सुरक्षित उभं राहील. किंवा मोठं वर्तुळ करून महामार्गालाच वेग कमी करायला लावायचं. तिसरा उपाय जरा चमत्कारिक वाटतो. ओलांडायची वाट बंदच करायची. तिकडे वाहनं उजवीकडून चालतात, तेव्हा ओलांडणाऱ्याने आधी उजवीकडे वळून महामार्गाला लागायचं, काही अंतर जायचं, आखून दिलेल्या जागी उलट वळायचं आणि मागे येऊन पुन्हा उजवीकडे वळून आपल्या वाटेला लागायचं. वळसा पडतो, पण एका वेळी एकाच दिशेला बघावं लागतं. शेतकऱ्यांना हा उपाय सहसा आवडत नाही. लांब ट्रक घेऊन उलट वळण घेणं सोपं नाही, आणि कालपर्यंत सरळ असलेली वाट आज वाकडी झाल्याचं दुःख कोणालाही होतं.

वाट कोणाची

मेडिसिन हॅट गेलं, ब्रुक्सच्या आसपासची कालव्यांवरची हिरवी शेतं गेली. कॅलगरी जवळ आल्यावर क्षितिजावर रॉकी पर्वताची निळी रेघ उमटली. मंडळी खूश झाली. मी मात्र मनात मागे गेलो होतो.

नोकरीत असताना एका चौपदरीकरणाच्या कामावर मी होतो. रस्त्याच्या एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला शाळा आणि अर्धी शेतं. गावची मंडळी भेटायला आली. बोलायला एक म्हातारबुवा पुढे झाले. म्हणाले, "साहेब, रस्ता तुमचा मोठा झाला, पण आमची वाट लहान झाली. खालून एक बोगदा द्या." मी शिफारस केली. खर्च वाढतो म्हणून ती 'पुढील टप्प्यात' गेली. पुढच्या टप्प्यात मी दुसरीकडे बदलून गेलो होतो. दुभाजकात एक फट ठेवली होती, तेवढीच त्यांची वाट. त्या फटीत पुढे काय झालं, हे मी कधी जाऊन विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारायचं धाडस झालं नाही.

कॅनडाच्या या रस्त्याची दीडशे वर्षांची कहाणी वाचताना मला त्यात माझंच काम दिसलं. लोहमार्ग, १९४९ चा कायदा, चौपदरीकरण, प्रत्येक टप्प्यावर लांब जाणाऱ्याची सोय आधी पाहिली गेली. त्यात गैर काही नाही, रस्ता त्यासाठीच असतो. पण महामार्गाच्या कडेला राहणारा माणूस त्यावरून जितका जातो, तितकाच तो ओलांडतो. शेताला, शाळेला, दवाखान्याला, सहलीला. त्याची पाळी दर वेळी शेवटी आली, आणि बहुतेक वेळा कोणीतरी गेल्यानंतरच आली.

कॅलगरीला पोचल्यावर मी मुलीला तिच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर दिलं. काचेवरच्या न हलणाऱ्या ठिपक्याचं. तेव्हापासून ती फाट्यावर आली की मान जरा पुढे-मागे करून खांबाच्या पलीकडे बघते. उरलेलं निम्मं उत्तर आम्हा रस्ते आखणाऱ्यांनी द्यायचं आहे. नवा महामार्ग आखला जाईल, तेव्हा नकाशावर लांब रेघ ओढून झाल्यावर एकदा पेन्सिल आडवी धरून बघावी. त्या रेघेला कोण, कुठे, कितींदा ओलांडणार आहे, याची यादी आधी करावी. अंदाजपत्रकात ती पहिल्या पानावर असावी, 'पुढील टप्प्यात' नसावी.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)